पाच वर्षांनंतरची गोळी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, म्हणजे संकट टळले असे आपण समजतो. वस्तुतः पुष्कळ स्त्रियांचा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. डॉक्टर रोज एक लहानशी गोळी घ्यावयास सांगतात. ती निदान पाच वर्षे घ्यावयाची असते. आणि पाच वर्षे भरली की ती थांबवावी की चालू ठेवावी, हे ठरवावे लागते. शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावी असले निर्णय पुष्कळदा घरच्या ओसरीवर होतात, आणि ज्या स्त्रीचे शरीर, तिचे मत तेथे सर्वांत शेवटी विचारले जाते. म्हणून या गोळीचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९६ साली ग्लासगो येथील शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनी असे प्रसिद्ध केले की, रोग हाताबाहेर गेलेल्या स्त्रीचे अंडाशय काढले असता स्तनातील गाठी ओसरू शकतात. शरीरातील संप्रेरकांना त्या वेळी नावदेखील मिळालेले नव्हते. असे का होते, याचा उलगडा पुढे साठ वर्षांनी शिकागोचे एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून होऊ लागला. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन हे संप्रेरक धरून ठेवणारे ग्राहक असतात, व त्यांच्या द्वारे ती गाठ पोसली जाते. ज्या गाठीत हे ग्राहक नाहीत, तिच्यावर या गोळीचा उपयोग होत नाही.

टॅमॉक्सिफेन हे औषध १९६२ च्या सुमारास इंग्लंडातील आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी तयार केले. हेतू गर्भनिरोधाचा होता, तो फसला. पुढे मँचेस्टर येथे मेरी कोल व त्यांचे सहकारी यांनी ते वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिले, व १० जणींस गुण आल्याचे १९७१ साली नमूद केले. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून ते देण्याची वहिवाट त्यानंतर पडली.

परंतु किती वर्षे? १९९६ साली अमेरिकेतील एका चाचणीने सांगितले की, पाच वर्षांपुढे लाभ नाही. तेव्हा पाच वर्षे हाच दंडक ठरला. पुढे ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जगद्व्यापी चाचणीत पाच वर्षे गोळी घेतलेल्या १२,८९४ स्त्रिया सामील झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निम्म्यांनी गोळी थांबवली, निम्म्यांनी आणखी पाच वर्षे घेतली. २०१२ साली निष्कर्ष आला तो पूर्वीच्या उलट. इस्ट्रोजेन-ग्राहक असलेल्या रोगात, निदानानंतरच्या पाचव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान, थांबवणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १५ जणी या रोगाने दगावल्या. चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे १२. उलटपक्षी, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग शंभरांत दीड होता तो तीनवर गेला. त्याने येणारा मृत्यू मात्र हजारी दोनऐवजी चार, इतकाच राहिला.

महाराष्ट्रही या शोधापासून दूर राहिलेला नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे हजार स्त्रियांत, शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाचे एकच इंजेक्शन देऊन पाहिले, व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकंदरीत फरक निर्णायक ठरला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्यांत मात्र लाभ दिसला. एकच उपाय सर्वांस सारखा लागू पडत नाही, ही गोष्ट येथेही प्रत्ययास आली.

यावरून दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत. पाच वर्षे पुरी होण्याआधीच, ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा अंगाची आग होते म्हणून, कोणास न सांगता गोळी सोडणे घातक होय. त्रास असेल तर औषध बदलता येते. पाच वर्षांनंतरचा प्रश्न मात्र तराजूचा आहे. काखेतील गाठींत रोग होता काय, गाठ केवढी होती, पाळी गेली आहे काय, हे एका पारड्यात. अंगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका, गर्भाशयाची प्रकृती, आणि पाळी गेल्यावर लेट्रोझोलसारखी औषधे दिल्यास हाडांचा ठिसूळपणा व सांधेदुखी, हे दुसऱ्या पारड्यात. ही पारडी डॉक्टरांनी तिला समजेल अशा मराठीत उलगडून दाखवावी, आणि घरच्यांनी ऐकून घ्यावे.

शंभरांत तीन, हा लाभ कोणास मोठा वाटेल, कोणास रोजच्या त्रासापुढे थोडा. दोघीही शहाण्याच. हा आकडा हजारो अनोळखी स्त्रियांनी आपले शरीर चाचणीस देऊन मिळविला आहे. तो केंदूरच्या ओसरीपर्यंत पोहोचावा, आणि शेवटचा शब्द गोळी गिळणारीचा असावा, एवढेच आमचे मागणे आहे.