शांता आपटे, प्रभातचं फाटक आणि नटीच्या पगाराचा प्रश्न

ऑनलाइन बातम्यांत आमच्याकडे सगळ्यात जास्त काय वाचलं जातं, सांगा बरं? पाणीटंचाई नाही, उसाचा दर नाही, नगरपालिकेचं राजकारण तर नाहीच नाही. "अमुक अभिनेत्रीची संपत्ती ऐकून थक्क व्हाल" ही बातमी पहाटे पाचला टाका, नाहीतर रात्री बाराला, लोक वाचतातच. बंगला, गाड्या, एका सिनेमाचं मानधन, एका जाहिरातीचं मानधन, आणि शेवटी एकूण इतके कोटी. आकडा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. एका वेबसाइटवरून दुसरी उचलते, दुसरीवरून तिसरी.

ही खोड आजची नाही. मूकपटांच्या काळात सुलोचना नावाची मोठी नटी होती (आपल्या मराठीतल्या सुलोचनादीदी नव्हेत, ही रूबी मायर्स). आधी टेलिफोन ऑपरेटर होती. पुढे अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत गेली आणि महिना ५००० रुपये पगारापर्यंत पोचली. तेव्हापासून एक वाक्य जे चिकटलंय ते आजही प्रत्येक लेखात सापडतं, की सुलोचनाला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता. आता जरा हिशेब करू. १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात गव्हर्नरांचे पगार छापलेले आहेत. मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिना १०,०००. सुलोचनाच्या दुप्पट! तरी गोष्ट चालूच आहे, कारण ऐकायला बरी वाटते. याच सुलोचनाला बोलपट आल्यावर घरी बसावं लागलं. हिंदुस्थानी शिकून ती १९३२ मध्ये 'माधुरी'तून परत आली खरी, पण उतारवयात किरकोळ भूमिका करत राहिली. १९७३चा फाळके पुरस्कार मिळाला. १९८३ साली गेली. तिची संपत्ती किती, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा.

मला मात्र आज वेगळ्या बाईंबद्दल लिहायचंय. आकडा न विचारता पगार कसा ठरतो, कोण कापतो आणि का कापतो, हा प्रश्न ज्यांनी भर रस्त्यावर आणला त्या शांता आपटे. आणि त्या आमच्या जिल्ह्याच्या.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट तालुक्यात दुधनी आहे. आज लोकांना दुधनी माहीत आहे ती तुरीच्या बाजारामुळे. शांताबाईंचा जन्म १९१६ चा, तिथलाच. वडील स्टेशनमास्तर, गाण्याचे शौकीन. पुढे पंढरपूरला गाण्याचं रीतसर शिक्षण झालं, पुण्यात गणपतीच्या मेळ्या-उत्सवांत गायल्या. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये १९३२ साली राधा झाल्या. कृष्ण होता शाहू मोडक. दोघंही पोरसवदा. हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला.

मग प्रभात. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ला पुण्यात आली आणि तिचा सुवर्णकाळ सुरू झाला. १९३४चा 'अमृतमंथन', १९३६चा 'अमरज्योती', १९३७चा 'कुंकू', १९३८चा 'गोपालकृष्ण'. या सगळ्यांत शांताबाई आहेत. 'कुंकू' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा शांतारामबापूंचा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच तयार होत नाही. रडत नाही, विहीर जवळ करत नाही, घरातच राहून नकार देते. अंगचटीला येणाऱ्या थोराड सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. केशवराव भोळ्यांचं संगीत, पण मागे वाद्यवृंद नाही. घड्याळ, भांडी, रस्त्यावरचे आवाज, तेवढंच. १९३७ साली मराठी बाई पडद्यावर "नाही" म्हणते आणि थिएटर भरतं!

थिएटर भरलं की पैसा येतो. तो जायचा कुठे?

तेव्हाची पद्धत समजून घेतली पाहिजे. स्टुडिओ म्हणजे कारखाना. नट, नटी, सुतार, रंगारी, कॅमेरावाला, सगळे महिना पगारावर. नटीला काही वर्षांचा करार. त्या मुदतीत बाहेर काम करायचं नाही. चित्रपट वर्षभर चालला तरी पगार तोच. प्रभातमध्ये शिस्त होती, कामाची प्रत होती, माणसं वेळेवर यायची, हे सगळं खरं आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मालक पाच भागीदार होते आणि नफा भागीदारांचा होता. ज्या चेहऱ्यासाठी आणि गळ्यासाठी लोक तिकीट काढायचे तो चेहरा आणि गळा पगारी नोकर.

१९३९ साली याच करारावरून वाद पेटला. आजारपणामुळे झालेल्या गैरहजेरीचा पगार कापला जाणं हे त्याच्या मुळाशी होतं. कंपनीचं म्हणणं होतं की कराराप्रमाणे काम झालेलं नाही. शांताबाईंनी अर्ज-विनंत्या केल्या असत्या, वकिलाची नोटीस धाडली असती, तर आज कोणाला आठवलंही नसतं. त्यांनी काय केलं, तर प्रभातच्या फाटकावर जाऊन उपोषणाला बसल्या. अंगात शर्ट-पँट, पहारेकऱ्याच्या खोलीजवळचा बाक, पोटात मिठाचं पाणी. रात्रीही तिथेच. डॉक्टर आणि भाऊ मध्ये पडले तेव्हा उठल्या.

काळ लक्षात घ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. आदल्या नोव्हेंबरात मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता, औद्योगिक तंट्यांच्या कायद्याविरुद्ध, त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. म्हणजे उपोषण आणि संप हे दोन्ही शब्द रोजच्या पेपरात होते. पण नटी कामगार असते, तिलाही आजारपण येतं, त्या दिवसाचा पगार हा भांडणाचा विषय होऊ शकतो, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

सिनेमाच्या पुस्तकांत हा प्रसंग किस्सा म्हणून येतो. त्याच्या जोडीला दुसरा किस्सा असतो, 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांनी काहीबाही लिहिलं म्हणून शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कार्यालयात घुसल्या तो. (आमच्या धंद्यातल्या लोकांनी हा दुसरा किस्सा अधूनमधून आठवावा.) "तापट बाई", "नीराच ती" असं म्हणून विषय संपवला जातो. मला हे पटत नाही. कारण तापट माणूस एकदा भडकतो आणि गप्प बसतो. शांताबाईंनी पुढच्याच वर्षी, १९४० साली, पुस्तक लिहिलं. 'जाऊ मी सिनेमात?' नावावरून वाटेल की हौशी पोरापोरींना दिलेला सल्ला असेल. आहेही. पण आत धंद्याची चिरफाड आहे. भांडवल कोण घालतं, पैसा कोणाकडे जातो, काम करणाऱ्याचं शरीर कसं थकतं आणि त्या थकव्याचा हिशेब कुठल्याच वहीत कसा नसतो. तेव्हा त्यांचं वय चोवीस! पडद्यावरच्या एका मोठ्या नटीने आपल्या धंद्याबद्दल इतकं रोखठोक पुस्तक लिहावं, हे तेव्हाच्या हिंदुस्थानात नवीनच होतं.

आता जरा आजूबाजूला पाहू, म्हणजे शांताबाई कशासाठी भांडत होत्या ते कळेल.

दुर्गा खोटे. 'अमरज्योती'त दोघी एकत्र आहेत. दुर्गाबाई श्रीमंत घरातल्या. सासरची श्रीमंती बुडाली, दोन मुलं पदरात, म्हणून सिनेमात आल्या. १९३२चा 'अयोध्येचा राजा' प्रभातचा, पण त्या एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्समध्ये काम केलं, परत आल्या, १९३७ साली 'साथी' काढून स्वतः निर्माती झाल्या. उतारवयात लघुपट-जाहिरातपटांची स्वतःची कंपनी चालवली. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' त्यांच्याच कंपनीची. एकेका चित्रपटाचा वेगळा व्यवहार करायचा हे त्यांना जमलं. घराणं, शिक्षण, इंग्रजी, ओळखी, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. स्टेशनमास्तरच्या मुलीला ते आयतं मिळालेलं नव्हतं.

हंसा वाडकर. लहान वयातच घराला कमावून देणारी मुलगी. 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी'. १९५९चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! त्याच नावाने त्यांनी आत्मकथन सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. ते वाचताना कमाई बाईची आणि कारभार दुसऱ्यांचा, हे पानोपानी दिसतं. १९७१ साली त्या गेल्या. १९७७ला त्या पुस्तकावरून 'भूमिका' आला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज "हंसा वाडकर यांची संपत्ती" अशी बातमी करायची तर काय लिहाल?

प्रभात सुटल्यावर शांताबाई थांबल्या नाहीत. १९४१ साली थेट तमिळमध्ये 'सावित्री' केला. नारदाच्या वेशात होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. सुब्बुलक्ष्मींनी पुरुषाची ही भूमिका घेतली ती पैशांसाठी, आणि त्या पैशांतून त्यांचे पती सदाशिवम आणि लेखक कल्की कृष्णमूर्ती यांनी 'कल्की' हे साप्ताहिक काढलं. म्हणजे एका नामांकित तमिळ साप्ताहिकाचं भांडवल हे एका बाईचं सिनेमाचं मानधन. आपल्याकडच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हे कोणी शिकवत नाही. मला तरी डिप्लोमा करताना शिकवलं नव्हतं.

त्यानंतर लाहोरचा 'जमीनदार', नूरजहाँबरोबर 'दुहाई', १९४६चा 'सुभद्रा'. 'सुभद्रा'त कोवळ्या लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या आहेत. पण पार्श्वगायनाचा काळ सुरू झाला होता. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा चालू लागला, तेव्हा स्वतः गाणाऱ्या नटीचा भाव आपोआप उतरला. पन्नाशीही गाठली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ला अंधेरीत त्या गेल्या.

फाटकावरच्या त्या उपोषणानंतर ४२ वर्षांनी, १९८१ साली, सिनेकामगारांसाठी केंद्राने कायदा केला. लेखी करार असल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केरळचा न्या. हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. सरकारकडे तो २०१९ पासून पडून होता. त्यात काय निघालं? अनेकींना लेखी करार नाही, ठरलेले पैसे मिळत नाहीत, सेटवर स्वच्छतागृह नाही. टीव्हीवर त्यातली लैंगिक छळाची प्रकरणं गाजली, ती गाजायलाच हवी होती. पण करारांचा भाग चर्चेत आलाच नाही.

आपल्या मराठी मालिकांचंही सांगतो. काम आज करा, पैसे ९० दिवसांनी, ही तिथली सर्रास रीत. शेजारच्या तालुक्यातली एक मुलगी गेल्या वर्षी एका मालिकेत लागली. गावात फ्लेक्स लागले, आमदारांनी सत्कार केला. महिन्याभराने तिचा मला मेसेज, "दादा, अ‍ॅग्रीमेंट आलंय, इंग्रजीत आहे, यात नेमकं काय लिहिलंय बघता का?" मी वकील नाही, एका वकील मित्राकडे घेऊन गेलो. अकरा पानं. परवानगीशिवाय दुसरीकडे काम नाही. गैरहजर दिवसाचे पैसे नाहीत, कारण काहीही असो. पैसे ९० दिवसांनी. मित्र म्हणाला, तिला एवढंच विचार की आजारी पडली तर काय, हे लिहून देतात का. तिने विचारलं. त्यांनी सांगितलं, सगळ्यांना हेच अ‍ॅग्रीमेंट असतं. तिने सही केली. मी तिला दोष देत नाही. गोरेगावात चौघींत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं ९० दिवस थांबत नाही.

तिला वाचायला म्हणून मी 'जाऊ मी सिनेमात?'ची जुनी प्रत शोधतोय. सोलापुरात दोन वाचनालयांत विचारलं, मिळाली नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, आजोबांच्या कपाटात, गावच्या वाचनालयात १९४०ची ती प्रत असेल, तर कृपया इनबॉक्स करा. झेरॉक्स काढून लगेच परत करीन, जाण्यायेण्याचा खर्च माझा.