निंबाळकर घराणी

महाराष्ट्रातील एक प्रख्यात मराठा सरदारकुल व त्याच्या शाखा. मूळ आडनाव पवार असल्याचे सांगतात. निंबराज हा मूळपुरुष माळव्यातून दक्षिणेत आला व फलटणजवळील निंबळक गावावरून वंशज निंबाळकर झाले, अशी घराण्याची परंपरा आहे. ‘नाईक’ या किताबामुळे फलटणची शाखा नाईक-निंबाळकर म्हणविते.

सतराव्या व अठराव्या शतकांतील कागदपत्रांत केवळ ‘निंबाळकर’ असा उल्लेख आला, की तो कोणाचा हे ठरविणे अवघड जाते. स्कॉटलंडमधील डग्लस घराण्याच्या शाखा ‘काळे’ व ‘तांबडे’ म्हणून ओळखल्या जातात व १४५५ मध्ये त्या परस्परांविरुद्ध लढल्या. मराठी व्यवहारात हे काम गावाच्या नावाने होते : फलटणकर, करमाळेकर, खर्डेकर. सरलष्कर हे पद मात्र एकाहून अधिक निंबाळकरांकडे होते आणि ‘राव रंभा’ हा किताब वंशपरंपरेने चालला. त्यामुळे एकाची कामगिरी दुसऱ्याच्या नावे मांडली जाण्याचा संभव राहतो.

फलटणकरांचा भोसल्यांशी जुना शरीरसंबंध होता. मालोजी भोसले याची पत्नी दीपाबाई (उमाबाई) याच घराण्यातील. मुधोजी नाईकाची कन्या सईबाई हिचा विवाह १६४० मध्ये शिवाजी महाराजांशी झाला. संभाजी महाराज तिचे पुत्र. तिचा भाऊ बजाजी याचे विजापुरात सक्तीने धर्मांतर झाले. त्याला पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले व पुढे त्याचा पुत्र महादजी याला महाराजांनी आपली कन्या सखूबाई दिली. हे केवळ सोयरीक जोडणे नव्हते. शुद्ध झालेल्या घराशी रोटीबेटी व्यवहार होतो, हे त्यातून समाजासमोर आले. तथापि नात्याने राजकारण बांधले गेले नाही. बजाजी आदिलशाहीचा वतनदार होता आणि १६६५ च्या अखेरीस जयसिंहाच्या विजापूरवरील मोहिमेत सामील असलेल्या महाराजांच्या फौजांनी फलटण घेतले. वतन राखावयाचे तर ज्याचा अंमल त्याची चाकरी करणे भाग होते. यास फितुरी म्हणणे हा उत्तरकालीन दृष्टीचा आरोप होय.

शाहूच्या कारकीर्दीत ही फाटाफूट अधिक स्पष्ट झाली. १७११ मध्ये चंद्रसेन जाधवावर शाहूने हैबतराव निंबाळकर सरलष्कराला पाठविले, तर रंभाजी निंबाळकर निजामाकडे गेला. त्याला राव रंभा हा किताब व करमाळ्याकडील जहागीर मिळाली. पुणे प्रांतातही काही काळ त्याचा अंमल होता. करमाळ्याचा किल्ला व कमलाभवानीचे मंदिर (१७२७) ही या शाखेची कामे. कमलाभवानी हे तुळजाभवानीचेच रूप मानतात. तुळजापूरच्या मंदिरातील एक दरवाजाही निंबाळकरांच्या नावाने ओळखला जातो. राजकीय निष्ठा निजामाकडे असली, तरी कुलदैवत बदलले नाही.

सुलतानजी निंबाळकर हाही शाहूचा सरलष्कर. तो पुढे निजामाला मिळाला. खर्डा (ता. जामखेड) येथील किल्ला त्याच्या घराण्याचा. १७९५ मध्ये याच परिसरात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निपाणीची शाखा उशिरा पुढे आली. तेथील सिधोजीराव (आप्पा देसाई निपाणकर) दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सरलष्कर होता. कोल्हापूरकरांशी त्याची युद्धे झाली. तो १८३९ मध्ये मरण पावला.

या सर्व शाखांत राज्य म्हणून टिकले ते फलटण. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाले.