जर्मन पूर्व आफ्रिकी रुपया

जर्मन पूर्व आफ्रिकी रुपया (जर्मन नाव: रुपी) हे जर्मन पूर्व आफ्रिका या वसाहतीचे चलन होते. त्याची नाणी १८९० ते १९१६ या काळात पाडली गेली. आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, रुवांडा व बुरुंडी हे प्रदेश या वसाहतीत येत. न्यू गिनी वसाहतीसाठी जर्मनीने १८९४ मध्ये मार्क व फेनिग या स्वतःच्या परिमाणांतील नाणी काढली. पूर्व आफ्रिकेत मात्र त्यांना ब्रिटिश भारतातील रुपयाचे नाव, वजन व विभागणी स्वीकारावी लागली. त्यामुळे जर्मन वसाहतींची नाणी जमवणाऱ्यांप्रमाणेच भारतीय रुपयाच्या अभ्यासकांनाही या नाण्यांविषयी आस्था असते.

पार्श्वभूमी
एकोणिसाव्या शतकात झांझिबार व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा मुंबई आणि कच्छशी मोठा व्यापार होता. भाटिया, खोजा व बोहरा व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे होत्या आणि हस्तिदंत, लवंग व कापडाच्या व्यवहारात मारिया थेरेसा थेलर या नाण्याबरोबर भारतीय रुपयाही चालत असे. या व्यापाऱ्यांना परिचित नसलेले चलन बाजारात रुजणे कठीण होते. म्हणून जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने १ रुपया = ६४ पेसा हे प्रमाण ठरवले. भारतातही त्या वेळी १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे, मिळून एक रुपया होत असे. ‘पेसा’ हा शब्द ‘पैसा’ या शब्दापासून आला असून स्वाहिली भाषेत तो आजही पैसा याच अर्थाने वापरला जातो.

कंपनीची नाणी
तांब्याच्या पेसावर एका बाजूस जर्मन गरुड, कंपनीचे नाव व इसवी सन, तर दुसऱ्या बाजूस अरबी मजकूर व हिजरी सन (१३०७ ते १३०९) आढळतो. चांदीची नाणी पाव, अर्धा, एक व दोन रुपये या मूल्यांची होती. त्यांपैकी दोन रुपयांचे नाणे केवळ १८९३ व १८९४ या वर्षांचे आहे. चांदीच्या नाण्यांवर शिरस्त्राण घातलेल्या सम्राट दुसऱ्या विल्हेल्मची प्रतिमा आणि मागे सिंह व ताडवृक्ष असलेले कंपनीचे चिन्ह आहे. एक रुपयाचे वजन भारतीय रुपयाइतकेच, ११.६६ ग्रॅम असून त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे.

दशमान पद्धती
पुढे नाणी पाडण्याचा हक्क जर्मन सरकारने आपल्याकडे घेतला. १९०४ मध्ये पेसा जाऊन १ रुपया = १०० हेलर ही पद्धत आली आणि १५ रुपये = २० मार्क हा दर निश्चित झाला. भारतात १८९९ पासून एक पौंड १५ रुपयांचा मानला जात होता व २० मार्कचे मूल्य पौंडाच्या जवळपास होते. म्हणजे दशमान झाल्यावरही हा रुपया भारतीय रुपयाच्याच बरोबरीने राहिला. भारतात रुपयाचे शंभर भाग मात्र १९५७ मध्ये झाले.

स्थानिक जनतेच्या दृष्टीने या चलनाचा अर्थ वेगळा होता. १८९८ पासून झोपडीकर लागू झाला आणि तो भरण्यासाठी अनेकांना मजुरी किंवा नगदी पिकांकडे वळावे लागले. करांचा बोजा व कापसाची सक्तीची लागवड ही १९०५–०७ च्या माजी माजी उठावाची प्रमुख कारणे होती.

टाबोरा येथील नाणी
पहिल्या महायुद्धात सागरी नाकेबंदीमुळे नाण्यांचा पुरवठा थांबला. तेव्हा १९१६ मध्ये टाबोरा येथील रेल्वे कार्यशाळेत ५ व २० हेलरची नाणी, तसेच सेकेंके खाणीतील सोन्याची १५ रुपयांची नाणी पाडली गेली. सोन्याच्या नाण्यावर डोंगरासमोर सोंड उंचावलेला हत्ती असून अशी सुमारे १६ हजार नाणी तयार झाली. त्यांवर टाबोराचे ‘टी’ हे अक्षर आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बेल्जियन सैन्याने टाबोरा घेतले. ब्रिटिश अमलात १९२० मध्ये फ्लोरिन व त्यानंतर शिलिंग हे चलन आले.

संग्रह व पारख
१९०४ नंतरच्या नाण्यांवरील ‘ए’ हे अक्षर बर्लिन व ‘जे’ हे हॅम्बुर्ग टांकसाळीचे आहे. एकाच वर्षाच्या नाण्याची किंमत टांकसाळीनुसार बदलू शकते. दुर्मीळ नाण्यांच्या, विशेषतः हत्तीच्या नाण्याच्या, प्रतिकृती बाजारात आढळतात. म्हणून वजन व व्यास मोजणे, कडेचे दाते पाहणे आणि ओतकामाची रेघ किंवा बारीक छिद्रे तपासणे आवश्यक असते. दागिन्यासाठी कडी जोडल्याची खूण असलेल्या नाण्याची किंमत घटते. चिंच, राख किंवा पॉलिशने नाणे उजळवल्यास त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो.

भारतातील कायदा
पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेषाच्या व्याख्येत बसते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१६ चे टाबोरा नाणेही आता या वयोमर्यादेत आले आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार बंधनकारक आहे.