धारेवरचे पाणी : धातुकर्तनातील वंगणाची शंभर वर्षे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच मला या शाळेच्या तांत्रिक शाखेत प्रथम लेथसमोर उभे केले. या व्यासपीठाला संतवाङ्मय, नाट्य, भाषेचे प्रश्न अशा विषयांची सवय आहे. लोखंड कापताना त्यावर किती पाणी सोडावे, हा विषय मी चिटणीसांना कळवला तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. परंतु हे बेळगाव आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावी सायकलींचे दुकान सुरू केले, पुढे येथेच शेतीची अवजारे घडवली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. आजही उद्यमबागेतील लेथांवर आपल्यापैकी कित्येकांची घरे उभी आहेत. तेव्हा या विषयाला येथे परका कोण म्हणेल ?

इतिहासाचा आरंभ एका तोफेपासून करतो. १७९८ मध्ये काउंट रमफोर्ड याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडताना त्या विलक्षण तापतात, हे त्याने पाहिले होते. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतले, तोफेचा भाग पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोड्यांच्या बळावर ती फिरवली. अडीच तासांत विस्तवावाचून पाणी उकळले. भोवतालचे लोक थक्क झाले. उष्णता हा पदार्थ नसून ती गतीतून उपजते, या विचाराला या प्रयोगाने बळ दिले. आपल्या विषयापुरता त्याचा अर्थ इतकाच की धातू कापणे म्हणजे उष्णता निर्माण करणे, आणि त्या उष्णतेचे काय करायचे हा कारागिरापुढचा कायमचा प्रश्न.

एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी त्याचे उत्तर अनुभवाने शोधले होते. घडीव लोखंडावर साबणाचे पाणी, आटे पाडताना तेल किंवा चरबी, बीड मात्र कोरडेच, असे नियम गुरूकडून शिष्याकडे येत. ते बहुतांशी बरोबरही होते. बिडातील ग्रॅफाइट स्वतःच थोडेफार वंगणाचे काम करते. मात्र किती पाणी, किती गतीला, याचे मोजमाप कोणी केलेले नव्हते.

ते केले फ्रेडरिक विन्स्लो टेलर याने. घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणारा माणूस म्हणून तो कामगारवर्गात अप्रिय झाला आणि ती अप्रीती अगदी अकारण नव्हती. परंतु त्याच माणसाने लेथवर केलेले काम वेगळ्या तोलाचे आहे. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने १८८० मध्ये प्रयोग आरंभिले. सहा महिन्यांत काम उरकेल अशी त्याची कल्पना होती. लागली सव्वीस वर्षे. नोंदवलेल्या प्रयोगांची संख्याच तीस ते पन्नास हजारांच्या घरात गेली आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने त्याने धातुकर्तनाच्या कलेवरील आपला निबंध सादर केला.

या प्रयोगांत आरंभीच त्याला आढळले की जिथे कीस सुटतो नेमक्या त्या जागी पाण्याचा जाड प्रवाह सोडला तर पोलादावरची कर्तनगती सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येते. १८८४ च्या सुमारास मिडव्हेलची नवी यंत्रशाळा याच हिशेबाने बांधली गेली. प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात, गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा, जमिनीखालून वाहून नेणारे नळ, मधोमध विहीर आणि तेथून पुन्हा उंच टाकीत पाणी चढवणारा पंप. आज आपल्या कोणत्याही कारखान्यात दिसणारी कूलंटची व्यवस्था ही त्या यंत्रशाळेची नात म्हणावी लागेल.

टेलरचा दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. कोणत्या गतीला काम करावे हे बारा गोष्टींवर अवलंबून असते, असे त्याने मांडले. धातूचा कठीणपणा, हत्याराचे पोलाद, धारेचा आकार, कटाची खोली, फीड, पाणी आणि अशाच इतर. त्याने गती आणि हत्याराचे आयुष्य यांचे गणित बसवले. गतीला हत्याराच्या आयुष्याच्या एका ठराविक घाताने गुणले की गुणाकार स्थिर येतो. हायस्पीड पोलादासाठी तो घात सुमारे एक अष्टमांश धरतात. म्हणजे गती केवळ १० टक्क्यांनी वाढवली की हत्याराचे आयुष्य निम्म्याहून खाली येते. गती दुप्पट केली तर ते २५६ पटींनी घटते. ‘जरा गती वाढव’ हे वाक्य किती महाग पडते, ते या एका आकड्यावरून कळावे. हे हायस्पीड पोलादही टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांच्या बेथलेहेम येथील प्रयोगांतून पुढे आले; १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हत्याराचे टोक लाल झालेले असतानाही ते कापत होते आणि निळा कीस सोडत होते.

गुरुजी आम्हांला हे गणित फळ्यावर शिकवीत. ५० मिलिमीटर व्यासाचा मऊ पोलादाचा गज, मिनिटाला ३० मीटर कर्तनगती, तर फेरे किती ? उत्तर १९१. “आधी आकडा काढ, मग पट्टा लाव,” असे ते म्हणत. यंत्राच्या आवाजावरून गती ओळखणारे कारागीर त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्याविषयी त्यांना आदरही होता. पण आकडा काढल्याशिवाय ते आम्हांला यंत्राला हात लावू देत नसत.

शाळेतून मी ज्या कारखान्यात गेलो, तेथे हे सारे उलटे होते. तेथे पाण्यात तेल मिसळून केलेला पांढरा दुधी द्राव दिवसभर यंत्रावर वाहत असे. त्याचे प्रमाण कोणी मोजत नसे. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला पंप सुरू केला की सडक्या अंड्यांचा वास सुटे. पंप बंद असताना टाकीत हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंचा तो प्रताप, हे मला फार उशिरा कळले. आमच्यात एक वयस्क टर्नर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. अचूकपणात त्यांच्या हाताला तोड नव्हती. पण त्या हातांची कातडी बोटांच्या पेरांवर भेगाळलेली असे. दुपारी सारे डबा उघडून बसत तेव्हा मामा भाकरीचा काला करून चमच्याने खात. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, “अरे बाळा, रश्शाचं तिखट भेगांत जातं. आग होते.” पुढे फोरमन झाल्यावर धूर दिसला की मीच पोरांना ओरडून सांगत असे, “तोटी पूर्ण उघड !” त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

जगाला या दुखण्याची ओळख आधीच झालेली होती. १९२२ मध्ये साउदम आणि विल्सन यांनी लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांना होणाऱ्या वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाची हकीकत प्रसिद्ध केली. चात्यांवरचे खनिज तेल त्यांच्या कपड्यांवर उडत असे. अशुद्ध खनिज तेले आज कर्करोगकारक म्हणूनच गणली जातात. कातडीची जळजळ आणि दम्यासारखे विकार दुधी द्रावांमुळेही होतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, नायोशने, हवेतील अशा द्रावकणांसाठी घनमीटरला ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली.

तथापि कारखानदारीचे मन वळवले ते आरोग्याने नव्हे, हिशेबाने. १९९० च्या दशकात जर्मनीत सांडपाण्याचे नियम कडक झाले. द्राव विकत घेणे, गाळणे, थंड करणे, निकामी झाला की विल्हेवाट लावणे, हा सारा खर्च मोटारउद्योगात एकत्र मांडला गेला, तेव्हा तो उत्पादनखर्चाच्या सुमारे ७ ते १७ टक्के भरला. हत्यारांवरचा खर्च जेमतेम २ ते ४ टक्के होता. हत्यार वाचावे म्हणून पाणी ओतायचे आणि पाण्यावर हत्यारांच्या कित्येक पट पैसा घालवायचा, असा हा व्यवहार चालला होता. तेथूनच कोरडे कर्तन आणि किमान वंगण या दोन वाटांचा जोमाने अभ्यास झाला.

किमान वंगण म्हणजे दाबाखालच्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण नेमके धारेवर पोहोचवणे. तासाला साधारण १० ते १०० मिलिलिटर तेल. तासाला ५० धरले तर आठ तासांच्या पाळीत ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले. पूर्ण तोटीतून मिनिटाला १० लिटर वाहत असतील, तर त्याच पाळीत ४,८०० लिटर यंत्रावरून फिरतात. न्यायाने सांगायचे तर ते पुन्हा टाकीत येतात, संपत नाहीत; पण तितके सांभाळावे लागतात. किमान वंगणातले तेल बहुधा कामातच संपते, टाकीत परत येत नाही, म्हणून ते शिळे होत नाही. ते बहुधा वनस्पतिजन्य तेलांपासून केलेले असते.

इतक्या थोड्या तेलाने भागते कसे ? उत्तर कर्तनाच्या स्वरूपात आहे. उष्णतेचा मोठा भाग धातू सरकून कीस बनतो त्या पट्ट्यात उपजतो आणि गती वाढली की त्यातील बहुतांश किसाबरोबरच निघून जातो. कीस हत्याराच्या तोंडावर इतक्या दाबाने घासत जातो की वरून कितीही पाणी ओतले तरी ते त्या फटीत फारसे शिरत नाही. १९२७ च्या सुमारास जर्मनीच्या क्रुप कंपनीने ‘विडिया’ नावाने कार्बाइड बाजारात आणले, तेव्हापासून गती आणखी वाढत गेली. कार्बाइड तापमान सोसते, पण मिलिंगमध्ये दात कापतो तेव्हा तापतो आणि बाहेर येताच पाण्याने थंड होतो. या घुसमटीने त्याला चिरा पडतात. तेथे पाणी मदत करण्याऐवजी घातच करते. टेलरच्या हत्याराला पाणी हवे होते, हे खरेच होते. हत्यार बदलले, गती बदलली, आणि आपण मात्र १८८४ ची तोटी उघडीच ठेवली.

स्वतःची छोटी यंत्रशाळा काढल्यावर मी हा प्रयोग केला. पहिले यश सहज मिळाले, म्हणून मी उतावीळ झालो. पोलादात खोल भोके पाडायचे काम बाहेरच्या नळीने किमान वंगण देऊन सुरू केले. दोन ड्रिल तुटून आत अडकले. पाणी केवळ थंड करत नव्हते, कीसही वाहून नेत होते, हे मी विसरलो होतो. त्यासाठी आतून छिद्र असलेले हत्यार लागते. दुसऱ्या खेपेस तयार माल नापास होऊन परत आला. कारण आम्ही भाग गरम असतानाच मोजले होते. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी भाग ३० अंशांनी तापला तर सुमारे १८ मायक्रॉन फुगतो. निवल्यावर तो मापात बसेना. मग शाळेतल्या वहीप्रमाणे तक्ता आखला. गती, फीड, खोली, तेल यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलायची, भाग निवल्यावर मोजायचा आणि लिहून ठेवायचे. वर्षभराने मिलिंग आणि बहुतेक टर्निंग थेंबावर आले. ग्राइंडिंग आणि काही चिवट मिश्रधातू पाण्यावरच ठेवले. धुके छातीत जाऊ नये म्हणून यंत्राला दार आणि शोषक पंखा बसवला. थेंब आहे म्हणून तो निर्धोक, असे मानणे ही नवी चूक ठरली असती.

माझ्याकडे काम करणारी मुले दुपारी हाताने जेवतात. ही गोष्ट मी कोणाला फारशी सांगत नाही, कारण ती ऐकणाऱ्याला विशेष वाटत नाही. मामा मात्र ते पाहायला राहिले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, टेलरने पाणी ओतले ते मोजून. शंभर वर्षांनी ते कमी केले गेले तेही मोजूनच. मधल्या काळात आम्ही ज्यांनी न मोजता तोटी उघडी ठेवली, त्यांची किंमत दुसऱ्यांच्या हातांनी मोजली. गुरुजी आकडा आधी काढायला का सांगत, हे मला त्यांच्या हयातीत पुरते उमगले नाही. ते आज येथे, त्यांच्याच वर्गाच्या शेजारी उभे राहून, कबूल करतो आणि आपली रजा घेतो.