पणजीचं नाव

घराण्याचा मागोवा घ्यायचा म्हटलं की आपण आधी जमिनीचे कागद काढतो. मीही तेच केलं. आमची जमीन संगमनेर तालुक्यात. सातबाऱ्यावरून फेरफार, त्यावरून आणखी जुना फेरफार, असं करत पणजोबांपर्यंत पोहोचले. पण त्या कागदांना वारसाशी मतलब. बाप गेला, मुलगे लागले. बाईचं नाव आलंच तर नवरा वारल्यावर. माझी पणजी सवाष्ण गेली, म्हणून ती फेरफारात नाही. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यू लिहीत असत, पण आमच्या गावची ती जुनी पानं वाळवीनं खाल्ली.

पणजी सापडली नाशिकला, रामकुंडाजवळ, आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी. त्यांनी मूळ गाव आणि आडनाव एवढंच विचारलं आणि एक लांबट, जाड वही काढली. शके 1809, म्हणजे 1887 सालचा लेख. बोरूनं लिहिलेली मोडी, शाई अजून काळीभोर. पणजोबा वडिलांचं श्राद्ध करायला आले होते. खाली त्यांची सही, आणि वर सगळं घर: आजोबा-पणजोबा, चुलते, भाऊ, मुलं. आई, आजी, पत्नी यांचीही नावं. आईच्या वडिलांचं नाव, त्यांच्या गावासकट.

बायकांची नावं तिथे आली ती विधीमुळे. तीर्थश्राद्धात वडील, आजोबा, पणजोबांबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे पूर्वजही येतात. पिंड देताना नाव घ्यावं लागतं, म्हणून ते लिहून ठेवावं लागतं. उपाध्यायांनाही या लेखांची गरज होती. यजमानांचा हक्क वंशपरंपरेचा. घराणं कोणाचं यावरून दोघांत वाद झाला तर पूर्वजाच्या हातचा लेख हाच पुरावा. म्हणून वह्या जमिनीसारख्या जपल्या गेल्या आणि भावाभावांत वाटल्याही गेल्या.

ज्या बाईनं माझ्या आजोबांना जन्म दिला, तिचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सरकारदरबारी तिची गरज पडली नाही आणि घरानं तिला विसरून टाकलं. तो लेख वाचून झाल्यावर मी आमची वंशावळ नव्यानं काढली. आता प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचं नाव आहे, आणि कळलं तिथे माहेरही.

वंशावळ काढणाऱ्यांनी फेरफार जरूर पाहावेत, पण तीर्थाच्या ठिकाणी आपले उपाध्याय कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावं. मोडी शिकावी; पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ तिचे वर्ग घेतं. आणि नाशिकला गेलात तर नुसतं जुनं वाचून परत येऊ नका. आपला लेख लिहा, आणि त्यात आई, बायको, सुना, लेकी यांची नावं माहेर-सासरसकट घाला.