कल्याणचा बिशप आणि पेटीसारखं जग

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, खांदा कॉलनीतल्या एका श्रोत्यांनी आमच्या हातात चिठ्ठी दिली. मजकूर साधारण असा होता: आम्ही ख्रिस्ती आहोत, मुलगा कॉलेजात आहे. तो हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, बायबल खरं मानायचं तर पृथ्वी सपाट मानलीच पाहिजे, नाहीतर तुमचा विश्वास अर्धवट. मी त्याला काय सांगू?

ही चिठ्ठी वाचून आम्हाला हसू आलं नाही. त्या मुलासमोर कुणीतरी दोनच दारं ठेवली आहेत: सपाट पृथ्वी घे, नाहीतर श्रद्धा सोड. उद्या पृथ्वी गोल आहे हे त्याला पटलं, तर तो दुसऱ्या दाराने बाहेर पडेल. म्हणून ही दोनच दारं आहेत का, हे आज इतिहासाला विचारू या. आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचा एक धागा आपल्या अगदी शेजारी येऊन पोचतो. खांदेश्वरला लोकल पकडा, ठाण्याला बदला, कल्याणला उतरा. तिथे.

सहाव्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एक व्यापारी होता. इतिहास त्याला कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस म्हणतो. इंडिकोप्लेउस्टेस म्हणजे भारताकडे जहाजाने गेलेला. तो भारतात स्वतः कुठवर आला याबद्दल मतभेद आहेत, पण तांबड्या समुद्रावर आणि इथिओपियाच्या किनाऱ्यावर तो फिरला होता हे नक्की. उतारवयात, इसवी सन 550च्या सुमारास, त्याने ग्रीकमध्ये एक ग्रंथ लिहिला, 'ख्रिस्ती भूवर्णन'. त्यात तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं सांगतो, आणि 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती लोक आहेत, त्यांचा बिशप इराणमध्ये दीक्षा घेऊन येतो, असं नोंदवतो. तिथून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं, हेही लिहितो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काहींनी दुसरी ठिकाणंही सुचवली आहेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाबद्दलची ही फार जुनी नोंद आहे, पोर्तुगीज यायच्या जवळजवळ हजार वर्षं आधीची.

आणि हाच कॉस्मस सपाट पृथ्वीचा कट्टर पुरस्कर्ता होता! त्याचा ग्रंथ मुळात त्यासाठीच लिहिलेला आहे. मोशेने रानात उभारलेला निवासमंडप हा सगळ्या विश्वाचा नमुना आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून जग एका मोठ्या पेटीसारखं: खाली लांबट चौकोनी जमीन, भोवती समुद्र, चारी बाजूंनी भिंती, वर कमानदार छत. मग रात्र कशी होते? तर उत्तरेला एक प्रचंड पर्वत आहे, सूर्य त्याच्या मागे जातो. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. पुराणांतल्या मेरूभोवतीही सूर्य असाच फिरतो.

आता वाटेल, की त्या काळी सगळेच ख्रिस्ती असं मानत असणार. तसं नव्हतं. त्याच अलेक्झांड्रियात, त्याच वर्षांच्या आसपास योहान फिलोपोनस नावाचा विद्वान उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहीत होता. तोही ख्रिस्तीच. त्याचं म्हणणं, पृथ्वी गोल आहे आणि मोशेचं लिखाण लोकांना देवाच्या ज्ञानाकडे नेण्यासाठी आहे, खगोलशास्त्र शिकवण्यासाठी नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी संत बाझिल म्हणून गेले होते, की पृथ्वीचा आकार कसा याबद्दल मोशे गप्प आहे, आणि तो गप्प राहिल्याने विश्वासाचं काही बिघडत नाही. संत ऑगस्टीन यांनी तर धोक्याची सूचनाच दिली होती: आकाश, तारे, ग्रहणं यांबद्दल ज्याला नीट माहिती आहे अशा परधर्मीयासमोर ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने भलतंच बोलू लागला, तर ऐकणारा शास्त्रातल्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवील?

पुढे 725मध्ये इंग्लंडमधला बीड नावाचा मठवासी लिहितो, पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने कॉस्मसचा ग्रंथ वाचून त्याची चांगलीच टर उडवली. मग 'मध्ययुगात सगळी चर्च पृथ्वी सपाट मानत होती' हे आपण शाळेत कुठून ऐकलं? त्याचा मोठा वाटा एका अमेरिकन लेखकाकडे जातो. वॉशिंग्टन अर्व्हिंगने 1828मध्ये कोलंबसचं रसाळ चरित्र लिहिलं आणि ती गोष्ट घरोघर गेली. आधुनिक सपाट-पृथ्वीवाद तर त्याहून नवा. तो इंग्लंडमध्ये सॅम्युअल रोबॉथम याने 1849पासून चालवला. 1870मध्ये जॉन हॅम्पडेन याने पाचशे पौंडांची पैज लावली. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी सरळ कालव्यावर दुर्बीण लावून पाण्याची वक्रता दाखवली आणि पैज जिंकली. हॅम्पडेनने ते मानलं नाही, उलट पुढे कित्येक वर्षं वॉलेसना छळलं. तेव्हा मुलगा जे 'मूळ ख्रिस्ती मत' म्हणून ऐकतो आहे, ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं आहे.

आता आपल्या घरात येऊ. कॉस्मसच्या थोडं आधी, 499मध्ये, आर्यभटाने पृथ्वी गोल आहे, सगळ्या बाजूंनी जीवांनी वेढलेली आहे, असं मांडलं होतं. 1150मध्ये भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त तेच सांगितलं. पुराणं एकीकडे, सिद्धान्त दुसरीकडे, आणि दोन्ही शतकानुशतकं शेजारी नांदले. मग इंग्रजी अमदानीत मिशनरी आले. पुराणांतला भूगोल चुकीचा, म्हणून धर्म चुकीचा, हे त्यांचं एक नेहमीचं हत्यार. पण 1836मध्ये सुबाजी बापू या पंडितांनी मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिलं. पुराणं, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिघांची विश्वं शेजारी ठेवून त्यांनी ती तपासली, आणि कोपर्निकसचं मत स्वीकारलं. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. तीनच वर्षांनी 'सोमनाथ' या नावाने मिशनऱ्यांच्या टीकेला संस्कृतात उत्तर देणारे तेच, असं अभ्यासक मानतात. पृथ्वीचा आकार बदलला म्हणून त्यांनी देव बदलला नाही. आणि ज्या मापाने मिशनऱ्यांनी पुराणं मोजली, तेच माप पुढे भूगर्भशास्त्राच्या आणि डार्विनच्या काळात बायबलला लावलं गेलं. तेव्हा त्यांनाही बाझिल, ऑगस्टीन पुन्हा वाचावे लागले.

इथे एक शंका तुम्ही काढाल. कॉस्मस जगाच्या आकाराबद्दल इतका चुकला, तर त्याची कल्याणची नोंद आम्ही का खरी धरतो? रास्त शंका आहे. बंदरं, माल, कुठे कोण राहतं, हे व्यापाऱ्याच्या धंद्यातलं ज्ञान. ते पाहिलेलं, किंवा पाहणाऱ्याकडून ऐकलेलं. कल्याणच्या बंदराचा उल्लेख त्याच्या पाचशे वर्षं आधीच्या ग्रीक नाविकांच्या पुस्तकातही आहे. याउलट विश्वाची पेटी त्याने पाहिली नव्हती, ती एका उपमेतून काढली होती. माणूस एकच, पण त्याची दोन विधानं दोन वेगळ्या तराजूत घालावी लागतात. श्रद्धाळू माणूस म्हणून तो खोटा ठरत नाही, पण त्याचा भूगोल पडतो.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्या भाऊंना आमचं सांगणं एवढंच. मुलाची थट्टा करू नका. त्याचा प्रश्न पंधराशे वर्षं जुना आहे आणि तो विचारणारे लोक मूर्ख नव्हते. त्याला बाझिल, फिलोपोनस यांची नावं सांगा, म्हणजे गोल पृथ्वी मानणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, हे त्याला आपल्याच पूर्वजांकडून कळेल. आणि एखाद्या निरभ्र रात्री उत्तरेकडे उघडी असलेल्या गच्चीवर त्याला घेऊन जा. पनवेलहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर साधारण 19 अंशांवर दिसतो. दिल्लीत एखादा नातेवाईक असेल तर त्याला फोन करून मोजायला सांगा. तिथे तो 28 अंशांच्या वर असेल. कन्याकुमारीला जेमतेम 8. जमीन सपाट असती तर उत्तरेकडे चालताना तारा असा अंशाअंशाने, सारख्या हिशेबाने वर चढला नसता. ते मोजताना त्याला प्रार्थना सोडावी लागणार नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.