वाऱ्याची वीज, कोयनेचे पाणी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील पवनऊर्जेचा इतिहास बहुधा पवनचक्क्यांच्या संख्येवरून आणि त्यांच्या क्षमतेवरून सांगितला जातो. वस्तुतः तो साठवणीच्या प्रश्नाचाही इतिहास आहे, आणि वीज व्यवस्थापनाच्या चर्चेत बॅटरीचे नाव येण्याच्या कितीतरी आधी या प्रश्नाची दोन उत्तरे येथे वापरात होती. त्यांपैकी एक कोयनेच्या जलाशयात होते आणि दुसरे वीज कंपनीच्या हिशेबवहीत.

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या खडकाच्या सपाट पठारांना या भागात सडे म्हणतात. नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणातून चढून या सड्यांवर येतो तेव्हा त्याचा वेग वाढलेला असतो, आणि जून ते ऑगस्ट हा त्याचा भर असतो. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी देशभरातील वाऱ्याच्या मोजणीचा पाया घातल्यानंतर अशा जागा नेमक्या हेरणे शक्य झाले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाऊर्जा’ या राज्य संस्थेने चाळकेवाडीत प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आणि पाठोपाठ ठोसेघर, सडावाघापूर, वनकुसवडे येथे खासगी पवनचक्क्या आल्या. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगावच्या माळावर, म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशात, हेच घडले. या वाढीमागे वाऱ्याइतकाच आयकर कायदाही होता. यंत्राची किंमत झीज म्हणून नफ्यातून वजा करण्याला घसारा म्हणतात. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असल्याने वाहन उद्योगातील बजाज ऑटोसारख्या कंपन्याही वनकुसवड्याच्या सड्यावर वीज उत्पादक झाल्या. ही सवलत यंत्र उभारण्याला होती, वीज केव्हा आणि किती निर्माण होते याला नव्हती, हा तिचा मोठा दोष होता.

वीज केव्हा मिळते याला महत्त्व येते ते वाऱ्याच्या स्वभावामुळे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. उलट वीजजाळ्यात, म्हणजे निर्मिती केंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या वाहिन्यांच्या व्यवस्थेत, निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राहावा लागतो, आणि तो बिघडला की प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनांची वारंवारता ढळू लागते. त्यात पावसाळ्यात शेतीपंपांची मागणी उतरलेली असते, म्हणजे वारा सर्वाधिक देतो तेव्हा शिवाराला विजेची गरज सर्वांत कमी असते.

या विसंगतीवर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात कागदी उपाय दिला. वीज मंडळाला विकल्या जाणाऱ्या पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटमागे ३.५० रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, असा दर त्यात ठरला. शिवाय स्वतःच्या कारखान्यासाठी वीज निर्माण करणाऱ्याला जादा युनिटे जाळ्यात जमा करून नंतर वळती करून घेण्याची मुभा मिळाली. या व्यवस्थेला बँकिंग म्हणतात. परंतु वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. जुलैत जमा झालेले युनिट त्याच क्षणी दुसऱ्या कोणीतरी वापरलेले असते आणि डिसेंबरमध्ये परत दिले जाणारे युनिट नव्याने निर्माण करावे लागते. तो भार वितरण कंपनीवर पडत असल्याने पुढे हा हिशेब आवळत गेला आणि केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी महिन्याचे बँकिंग हे किमान प्रमाण ठरवले.

खरी साठवण सड्याच्या पायथ्याशी होती. वनकुसवड्याच्या पठारावरून कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो, आणि या शेजाराला वीज व्यवस्थापनात मोठा अर्थ आहे. १९६२ मध्ये पहिला टप्पा सुरू झालेला कोयना प्रकल्प घाटाखाली पाणी सोडून वीज निर्माण करतो. सर्व टप्पे मिळून त्याची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी बोगद्याचे तोंड फोडून ज्याला पाणी देण्यात आले, तो १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा तर मुख्यतः कमाल मागणीच्या तासांसाठीच बांधला गेला. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू किंवा बंद होतो, म्हणून वारा पडला तर कोयना उचलून धरते आणि वारा वाढला तर पाणी राखून ठेवता येते. पवनविजेचे कोयनेत स्वतंत्र खाते कधीच नव्हते; राज्य भार प्रेषण केंद्र, म्हणजे राज्यभरातील निर्मितीला क्षणोक्षणी आदेश देणारी यंत्रणा, सगळ्या स्रोतांचा तोल एकत्रच सांभाळते. तरीही कृष्णा पाणी तंट्यातील बच्छावत लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातल्यामुळे, जून ते मे या जलवर्षात जुलैमध्ये वाऱ्यामुळे वाचलेला वाटा एप्रिलच्या संध्याकाळी वापरता येतो. ऋतूंमधील अंतर ओलांडणारी अशी साठवण कोणतीही बॅटरी आज करू शकत नाही.

कोयनेचे पाणी पूर्वेलाही हवे असते. धरणातून कृष्णेत सोडलेले पाणी टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप टप्प्याटप्प्याने चढवतात आणि म्हैसाळचे पाणी कवठेमहांकाळ, जतपर्यंत पोहोचते. या पंपांचे वीजबिल इतके जड झाले की त्यातील ८१ टक्के वाटा शासनाने उचलावा आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरावा, असे सूत्र ठरवावे लागले. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरत असताना त्याच तालुक्यात पाणी मात्र विजेच्या थकबाकीपायी अडावे, ही या प्रदेशाची जुनी वेदना आहे.

२०१८ मध्ये नियामक आयोगाने पवन आणि सौर उत्पादकांना दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटी कालखंडांचा अंदाज आगाऊ देणे बंधनकारक केले, आणि अंदाज चुकण्याला प्रथमच किंमत आली. बॅटरीचे स्थान येथे आहे: ती सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते, अंदाजातील तूट भरून काढते आणि काही तासांची वीज रात्रीच्या मागणीपर्यंत पोहोचवते. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये वादळाने संपूर्ण राज्य अंधारात गेल्यानंतर, हॉर्न्सडेल पवनक्षेत्राशेजारी २०१७ अखेर १०० मेगावॉट क्षमतेची आणि १२९ मेगावॉट-तास वीज साठवणारी बॅटरी उभी राहिली आणि वारंवारता सावरण्यात तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली. भारतात केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तास बॅटरी साठवणीसाठी अर्थसाह्य मंजूर केले. साताऱ्यात त्याच सुमारास तारळी खोऱ्यात १,५०० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प, म्हणजे जादा विजेने पाणी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडणारी योजना, प्रस्तावित झाला. पण अशा प्रकल्पासाठी खोदाई करावी लागते आणि सड्यांच्या दुर्मीळ परिसंस्थेवर आधीच पवनचक्क्यांचा ताण आहे. चाळकेवाडीवरील २०१८ च्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटल्याचे आणि सरडे वाढल्याचे दिसले. त्यामुळे नव्या खोदाईपूर्वी जुन्या सोयींचा विचार व्हायला हवा.

त्या जुन्या सोयींत वाहिन्या आणि उपकेंद्रे सर्वांत मोलाची आहेत. सड्यावरून उतरणाऱ्या वाहिन्यांवर पावसाळ्यात भार असतो आणि उरलेल्या महिन्यांत त्यांची बरीच क्षमता रिकामी राहते. वनकुसवड्यावरच्या ३५० किलोवॉटच्या सुरुवातीच्या यंत्रांचे आयुष्य आता सरत आले असून, डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय धोरणानुसार त्यांच्या जागी कमी संख्येने मोठी यंत्रे बसवता येतात. त्याच उपकेंद्रांच्या आवारात बॅटरी बसवली, तर पावसाळ्यात ती वाऱ्याचे चढउतार झेलेल आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसाची सौर वीज रात्री म्हैसाळच्या पंपांना देऊ शकेल.